"लोक बाईला मत देत नाहीत" हे आमच्या नावावर खपवू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या सगळ्या राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष आणि तिकीट वाटपाच्या मीटिंगला बसणारे सगळे वरिष्ठ

नमस्कार,

इलेक्शन जवळ आलं की तुमच्याकडून एक वाक्य ठरल्यासारखं ऐकायला मिळतं, की आम्हाला महिलांना तिकीट द्यायचंच असतं हो, पण काय करणार, लोक बाईला मत देत नाहीत, शेवटी निवडून येण्याची क्षमता बघावी लागते. पक्ष कुठला का असेना, वाक्य तेच. मी मतदार आहे, शिवाय मतदानाच्या दिवशी बूथबाहेर टेबल टाकून, यादी पुढ्यात घेऊन दिवसभर चिठ्ठ्या काढून देणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे ज्या लोकांच्या नावाने तुम्ही हे सांगता त्यांच्यातलीच एक. म्हणून हे पत्र लिहितेय. माझ्या पक्षाचं नाव मुद्दामच टाकत नाही, कारण ते टाकलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे निवांत होतील आणि विषय तिथेच संपेल.

आधी २०२४ ची विधानसभा घ्या. निवडणुकीच्या काही महिने आधी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, मग प्रचारात एका बाजूने २१०० म्हटलं, दुसऱ्या बाजूने ३०००. पैसे दिले याबद्दल माझी तक्रार नाही, जिच्या हातात स्वतःचा म्हणून एक रुपया नसायचा तिला ते १५०० म्हणजे काय हे मी घराघरात बघितलंय. पण बाईच्या मतासाठी एवढी धावपळ झालेल्या त्याच इलेक्शनला एकूण ४१३६ उमेदवार उभे होते आणि त्यात बायका होत्या ३६३. २८८ च्या सभागृहात निवडून गेल्या २१. त्याच्या आधी २०१९ ला २४ होत्या, म्हणजे वाढायच्या सोडून तीन कमी झाल्या. लोकसभेला ४८ पैकी ७. आणि १९६० ला राज्य झाल्यापासून आजपर्यंत एकही महिला मुख्यमंत्री नाही, शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ लाच मुख्यमंत्री झाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, ३६३ उभ्या होत्या आणि २१ च आल्या, म्हणजे लोकांनी नाकारलंच की. पण त्या ३६३ मधल्या किती जणींकडे मोठ्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत तिकिटाचा कागद होता आणि किती जणी अपक्ष किंवा कुठल्यातरी नावापुरत्या पक्षाकडून होत्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. लोकसभेचे देशाचे आकडे बघा, २०२४ ला साधारण ८०० बायका उभ्या होत्या त्यातल्या ७४ निवडून आल्या, म्हणजे शंभरातल्या नऊ. पुरुष साडेसात हजारांच्या आसपास होते, त्यातले ४६९ आले, म्हणजे शंभरातले सहा. पुरुषांमध्ये अपक्षांची गर्दी मोठी असते म्हणून त्यांचा आकडा खाली येतो हे मान्य, पण लोक बाईला पाडतातच असं तरी यातून कुठे दिसतं मला सांगा. बंगालात तृणमूलने २०२४ ला लोकसभेला १२ बायका दिल्या, ११ आल्या. त्या पक्षाबद्दल तुमचं मत काय असेल ते असो, मतं लोकांनीच दिली ना.

लोकांना थेट विचारायचं म्हटलं तर तेही कुणीतरी विचारून झालंय. प्यू रिसर्च सेंटर नावाच्या अमेरिकन संस्थेने २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला भारतभर जवळपास ३०,००० लोकांना भेटून प्रश्न विचारले. राजकीय नेता म्हणून पुरुष चांगला की बाई, यावर ५५ टक्के म्हणाले दोघं सारखेच, १४ टक्के म्हणाले बायकाच जास्त चांगल्या. पुरुष जास्त चांगले म्हणणारे होते २५ टक्के, म्हणजे चारातला एक. आणि तुम्ही त्या एका माणसाच्या भरवशावर तिघांच्या वतीने निर्णय घेताय!

पण मी अर्धीच गोष्ट सांगणार नाही. त्याच सर्व्हेत दहातल्या जवळपास नऊ लोकांनी असंही सांगितलं की बायकोने नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे. बाई नेता म्हणून चालेल पण घरात तिने ऐकायचं, अशी आपल्या समाजाची मनं आहेत, एकाच वेळी दोन्ही. प्रचारात दारोदार फिरताना हे रोज दिसतं. एका दारात आजी म्हणतात बाईच पाहिजे बाई, तिला नळाची किंमत कळते, आणि त्याच घरातून आजोबा बाहेर येऊन विचारतात, मिस्टर कुठंयत तुमच्या उमेदवारांचे, त्यांना पाठवा, बोलायचंय. मग हे जे दोन्ही बाजूंनी हलणारं मन आहे ते कुठल्या बाजूला झुकेल हे कशावर ठरतं? माझं म्हणणं एवढंच आहे की ते बऱ्यापैकी तुमच्यावर ठरतं, आणि याला पुरावा आहे, तोही मुंबईचाच.

आपल्याकडे महापालिकेत कुठला वॉर्ड महिलेला सुटणार हे सोडतीत ठरतं, चिठ्ठ्या काढून. १९९७ ला मुंबईत जे वॉर्ड महिला राखीव होते त्यातले बरेच २००२ ला खुले झाले. रिखिल भावनानी नावाच्या संशोधकाने या दोन निवडणुका ताडून बघितल्या आणि २००९ ला त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की जे वॉर्ड आधी राखीव होते आणि मग खुले झाले, तिथे बाई निवडून यायची शक्यता आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. पाचपट! शहर तेच, महापालिका तीच, पक्षही तेच, आणि कुठला वॉर्ड राखीव होता हे चिठ्ठीने ठरलेलं, म्हणजे तिथले लोक काही आधीपासून जास्त पुढारलेले होते असं म्हणायलाही जागा नाही. फरक एकच, की तिथे एकदा बाईला संधी मिळाली होती, ती तयार झाली होती, आणि पक्षांना कळलं होतं की अरे ही निवडून येऊ शकते. खुल्या वॉर्डांत तरीही पुरुषच जास्त आले हे खरंय, कारण राखीव जागा खुली झाली की बहुतेक बायकांना तुम्ही पुन्हा विचारतच नाही. पण जिथे विचारलंत तिथे लोकांनी मतं दिली.

दुसरा पुरावा बंगालातल्या गावांचा. एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. भाषण शब्दन् शब्द तेच, फक्त काही जणांना पुरुषाच्या आवाजात आणि काही जणांना बाईच्या आवाजात. ज्या गावात कधी महिला प्रधान (आपल्याकडच्या सरपंचासारखं पद) झालीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी मार्क दिले, आणि जिथे आरक्षणामुळे आधी महिला प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ गेलेला होता. घरातली बाई आणि बाहेरची बाई याबद्दलची त्यांची आवडनिवड बदलली नव्हती बरं का, मनातून त्यांना अजूनही पुरुषच बरा वाटत होता, पण बाई काम करू शकते की नाही हा प्रश्न मात्र त्यांच्यापुरता मिटला होता, कारण त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि लागोपाठ दोन टर्म राखीव राहिलेल्या गावांत नंतर खुल्या जागांवर सुद्धा जास्त बायका उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण कायम म्हणत असतो की आधी समाजाची मानसिकता बदलली पाहिजे मग बायका पुढे येतील, आणि इथे गाडी उलट्या बाजूने चालताना दिसते, आधी बाई खुर्चीवर बसली आणि मग लोकांचं मत हललं.

आता तुमच्या त्या बंद दाराबद्दल बोलते, कारण ते मी बाहेर बसून बघितलंय. एका मैत्रिणीबरोबर इच्छुकांच्या मुलाखतीला गेले होते. वॉर्डातल्या पाण्याच्या लाइनसाठी पालिकेत खेटे घालून घालून तिला तिथला शिपाई सुद्धा नावाने ओळखायचा, रेशन कार्डाची अडलेली कामं, निराधार पेन्शनचे फॉर्म, सगळं तिच्या घरच्या ओट्यावर चालायचं. कार्यअहवालाची फाइल केली होती, कामाचे फोटो चिकटवून, खाली तारखा घालून. कॉरिडॉरमध्ये प्रत्येक इच्छुक पुरुषाबरोबर वीस-पंचवीस पोरं होती, ती आणि मी दोघीच. नंबर आला, ती आत गेली, आणि पाचच मिनिटांत दार उघडून आतून विचारणा झाली, "मिस्टर आलेत का? आले असतील तर त्यांना आत पाठवा." मिस्टर ड्युटीवर होते. मग तिला जे प्रश्न विचारले ते तिने बाहेर येऊन मला सांगितले, घरच्यांची परवानगी आहे का, मुलं लहान आहेत तर कोण बघणार, रात्री-अपरात्री फोन आला तर कसं करणार, खर्च मिस्टर करणार का. पाण्याच्या लाइनबद्दल एक प्रश्न नाही, फाइल उघडली पण नाही. बाहेर बसलेल्या पुरुषांपैकी एकालाही मुलं कोण बघणार हे विचारलं नसणार, हे मी पैजेवर सांगते.

वॉर्ड त्या वेळी महिलेला सुटला होता, त्यामुळे तिकीट बाईलाच द्यावं लागणार होतं, आणि ते दिलं आधीच्या नगरसेवकांच्या सौभाग्यवतींना, ज्या एकाही मीटिंगला कधी आल्या नव्हत्या. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो मोठा, वहिनींचा छोटा. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांनाही कुणी विचारलं नसेल तुम्हाला उभं राहायचंय का म्हणून. पुढच्या वेळी वॉर्ड खुला झाला तर मैत्रिणीला काय सांगितलं, "ताई, आता ओपन झालाय, आता तुम्ही जरा थांबा." ओपन झाला म्हणजे बाईसाठी बंद झाला असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? सर्वसाधारण जागेवर बाई उभी राहू शकते, हे एका कार्यकर्तीने तुम्हाला सांगायची वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्राने १९९० ला, म्हणजे देशभर असं आरक्षण आणणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती व्हायच्या आधीच, स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या, १९९४ ला महिला धोरण आणलं आणि २०११ ला ते आरक्षण ५० टक्के केलं. ह्याचा मला अभिमान आहे. म्हणजे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हजारो बायका ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिका इथे बसून बजेट, ठराव, टेंडर सगळं शिकून बाहेर पडल्यात. त्या कुठे गेल्या? पुरुष जिल्हा परिषद सदस्य झाला की तो पुढच्या आमदारकीची तयारी करतो आणि तुम्ही पण त्याच्याकडे तसंच बघता, बाई सदस्य झाली की टर्म संपल्यावर तिचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ, आणि मग महिला आघाडीच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरायच्या जबाबदारीवर तिची नेमणूक होते.

सरपंच पतीचा विषय निघाला की तुमच्यातले बरेच जण म्हणतात, बघा, आरक्षण देऊन काय उपयोग, कारभार नवराच करतो. करतोच, मी नाही म्हणत नाही, सही तिची आणि शिक्का त्याच्या खिशात असं मी पण पाहिलंय, केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या समितीनेही २०२५ ला या प्रकाराला कडक दंड लावायची शिफारस केली. पण त्या नवऱ्याला मीटिंगला कोण बोलावतं? तालुक्याच्या बैठकीत तिच्या खुर्चीवर त्याला कोण बसू देतं, पक्षाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्याऐवजी त्याचा नंबर कोण अॅड करतं? तुम्हीच ना. एकदा सांगा की सदस्य स्वतः आल्या तरच बैठक होईल, बघा महिन्याभरात किती फरक पडतो.

आणि जी बाई खरंच स्वतः कारभार करते तिचं काय होतं तेही बघा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, त्या सरकारी जमिनीवरच्या घरात सासूबरोबर राहतात अशी तक्रार करून पदावरून काढलं होतं. त्या नवऱ्या-मुलांबरोबर भाड्याच्या घरात वेगळ्या राहतात असं सांगत होत्या, पण खाली कुणी ऐकलं नाही, हायकोर्टातही दिलासा मिळाला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की गावातल्या लोकांना बाई सरपंच झाली, ती निर्णय घेणार आणि आपल्याला तिचं ऐकावं लागणार हेच पचलेलं नाही. एका सरपंचाला आपली खुर्ची टिकवायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. अशा वेळी कुठलाही पक्ष तिच्या मागे जाहीरपणे उभा राहिला असता तर गावातल्या बाकीच्यांना काय संदेश गेला असता याचा विचार करा.

लोकांची भाषा सुधारायची अपेक्षा मी कशी ठेवू, जेव्हा वरूनच तसं बोललं जातं? २०२२ ला एका मोठ्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी एका महिला खासदारांना घरी जाऊन स्वयंपाक करा म्हणून सुनावलं. २०२४ च्या निवडणुकीत समोरच्या बाजूच्या एका खासदारांनी एका महिला उमेदवारांसाठी "माल" हा शब्द वापरला. दोघांनीही नंतर दिलगिरी व्यक्त केली, पण तोपर्यंत त्याचे रील झाले, गावोगावच्या ग्रुपवर फिरले, आणि वॉर्डातल्या एखाद्या पोराला कळलं की बाईबद्दल असं बोललं तर हशा मिळतो. मग हेच पोरगं आमच्या उमेदवाराच्या फोटोखाली कमेंट टाकतं, ती रात्री कुणाच्या गाडीतून उतरली म्हणून. हे सहन करून टिकलेल्या बायकांना विचारा, त्यांना लोकांच्या मतांची भीती वाटत नाही, त्यांना आपल्याच पक्षातल्या माणसांच्या कुजबुजीची भीती वाटते.

आणि मतदाराने बाईला कधी नाकारलं होतं हो? मुंबईला सुलोचना मोदी महापौर झाल्या त्या १९५६ ला. प्रतिभाताई पाटील १९६२ ला आमदार झाल्या, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या आणि २००७ ला राष्ट्रपती. मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या, महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले, नगरसेविका झाल्या, आमदार झाल्या आणि १९७७ ला लोकसभेवर गेल्या, तेव्हा लोक रस्त्यावर घोषणा देत होते, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." जिंकलेली पण बाई आणि हरलेल्या इंदिरा गांधी पण बाई, आणि मतदाराने दोघींना कामावरूनच तोललं. त्याच वर्षी मुंबईतूनच अहिल्याताई रांगणेकरही लोकसभेवर गेल्या. यातल्या कुणालाही राखीव जागा नव्हती. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायकांची केवढी गर्दी झाली होती हे त्या वेळचे लोक अजून सांगतात, आणि त्यानंतर ग्रामपंचायतीला पूर्ण महिलांची पॅनल उभी राहिली, तीही निवडून आली. हे शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांनी केलेलं काम आहे.

घराणेशाहीचं बोलणं पण मला ऐकून ऐकून कंटाळा आलाय. निवडून आलेल्या बायकांमध्ये कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची पत्नी बऱ्याच आहेत हे खरं, पण वारसा फक्त बाईच्या बाबतीतच का मोजता, तुमच्या यादीतले मुलगे, पुतणे, जावई कोण मोजणार? साध्या घरातल्या बाईला दारच उघडं नसेल तर आत शिरणारी ती आडनावाच्या आधारानेच शिरणार. ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ ला लोकसभेच्या २१ पैकी ७ जागा बायकांना दिल्या आणि ५ आल्या. त्यातल्या अस्का मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रमिला बिसोयी बचत गटातल्या बाई होत्या, वय सत्तरच्या आसपास, शाळा जेमतेम प्राथमिकची, आणि त्या दोन लाखांपेक्षा जास्त मतांनी जिंकल्या. महाराष्ट्रात बचत गट किती आहेत, आणि तुम्ही सभेला बसेस भरायच्या असल्या की पहिला फोन कुणाला करता? त्या बचत गटाच्या अध्यक्षांपैकी एकीलाही आमदारकीला उभं करावं असं कधी मीटिंगमध्ये निघालंय का?

लोकसभा-विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारा २०२३ चा कायदा लागू होईल तेव्हा होईल. १९९६ ला पहिल्यांदा ते विधेयक संसदेत आलं, २०१० ला राज्यसभेत पास होऊन अडकलं, २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी पास झालं, आणि अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट लागली. मी त्याच्यावर अडून बसणार नाही, कारण तृणमूल किंवा बिजू जनता दलाला कुठल्या कायद्याने सांगितलं नव्हतं. एबी फॉर्मवर सही तुमची असते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मुलाखतीत बाईला तिच्या कामाचे प्रश्न विचारा, फाइल उघडा, मिस्टरांना बाहेरच बसू द्या. घरचं विचारायचंच असेल तर पुरुषांनाही तेच प्रश्न तेवढ्याच वेळा विचारा. ज्या बाईने राखीव वॉर्डात चांगलं काम केलं तिला वॉर्ड खुला झाल्यावर तिथूनच पुन्हा उभं करा, आणि हरणारी जागा देऊन "दिलं की तिकीट" असं म्हणू नका, पक्ष जिंकू शकतो अशी जागा द्या आणि पुरुष उमेदवाराला देता तेवढाच खर्च, तेवढ्याच सभा तिलाही द्या. पुढची यादी जाहीर कराल तेव्हा एकूण महिला किती हे सांगू नका, त्यात राखीव जागा मिसळून आकडा मोठा दिसतो. सर्वसाधारण जागा किती होत्या आणि त्यातल्या किती बायकांना दिल्या, तेवढं यादीच्या खाली लिहा. सगळ्या पक्षांच्या याद्या शेजारी ठेवून मी आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी ते बघणार आहोत.

तुमचीच,
बूथवर बसणारी एक मतदार